तू कोणाची? : एका मुलाखतीच्या निमित्ताने



या अंकातील पाठ खरे म्हणजे दासोहावर लिहावयाचा होता. टिपणेही काढून झाली होती. पण गेल्या सोमवारी श्रीमठातील शिवानुभव आटोपल्यावर एक मुलगी प्रसाद घेऊनही थांबून राहिली. माझ्याच हाताखाली शाळेत शिकलेली. पुढे बी.कॉम. झाली, संगणकावर टॅली शिकली, एका दुकानाचे हिशेब दोन वर्षे पाहिले. आमच्या सीमाभागातील एका शिक्षणसंस्थेत लेखनिकाच्या जागेसाठी तिला मुलाखतीचे पत्र आले होते. तिथून ती आली होती.

पत्रात वेळ दहाची होती. अकरा उमेदवार जिन्यात उभे होते, बसायला काही नव्हते. हिला आत बोलावले पावणेचारला. आत तिघे जण. एकाचे फोनवर बोलणे चालू, दुसरे चहा घेत होते. बस म्हणून कोणी म्हटले नाही. "अगं, नाव सांग." नाव सांगितले. "वडील काय करतात?" सलून आहे, असे तिने सांगितले. त्यावर मधल्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले, "मग तिकडंच बसायचं की! गल्ल्याचा हिशेब म्हणजे हिशेबच." तिघेही हसले. प्रमाणपत्रांची फाइल न उघडताच परत सरकवली आणि "कळवू" म्हणून सांगितले. सारे चार मिनिटांत संपले. जमाखर्चाविषयी एक प्रश्न नाही.

"मी काय बोललेच नाही बघा, सर," ती म्हणाली. "बोलायला हवं होतं का? का वडिलांचं खरं सांगितलं तेच चुकलं?"

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात तिने आणखी एक गोष्ट सांगितली. मधल्या साहेबांच्या कपाळावर विभूती होती.

दासोहाची टिपणे मी त्या रात्री बाजूला ठेवली.

महात्मा बसवण्णांचे एक वचन आपल्या घराघरांत लहान मुलांनाही पाठ असते. त्यात ते कूडलसंगमदेवाकडे मागणे मागतात, की आलेल्या माणसाविषयी हा कोणाचा कोण, अशी चौकशी माझ्या तोंडून होऊ नये, तो आपल्याच घरचा ठरावा. लग्नाच्या पत्रिकेवर, सभागृहाच्या भिंतीवर, व्यासपीठाच्या कमानीवर आपण हे वचन रंगवतो. पण ते कोणत्या जागी लागू पडते याचा विचार फारसा करीत नाही. देवळात कोणी कोणाला तू कोणाचा असे सहसा विचारीत नाही. प्रसादाच्या पंगतीतही आता विचारीत नाहीत. तो प्रश्न आज विचारला जातो तो मुलाखतीच्या खोलीत. तिथे विचारणारा बसलेला असतो, सांगणारा उभा असतो, आणि सांगणाऱ्याच्या घरची चूल त्या उत्तरावर अवलंबून असते. गाव कोणते, आडनाव कोणते, वडील काय करतात, कोणाच्या ओळखीने आलात, हे सगळे त्या एकाच प्रश्नाचे निरनिराळे पोशाख आहेत.

दुसरे एक वचन आहे. त्यात बसवण्णांनी स्वर्ग आणि नरक यांतले अंतर योजनांनी मोजले नाही, माणसाला हाक कशी मारली यावर मोजले. कन्नडमध्ये आदराचे संबोधन 'अय्या'. आपल्या मराठीत 'अहो' आणि 'अरे' यांमध्ये तेवढेच अंतर आहे. वयाने मोठ्या माणसाने प्रेमाने 'अगं' म्हटले तर त्यात वावगे काही नाही. आमच्या भागात तर आजी-आजोबांच्या 'अगं'मध्ये सगळे लाड असतात. पण अनोळखी, शिकलेल्या, कामासाठी आलेल्या मुलीला टेबलाच्या पलीकडून मारलेली 'अगं' ही हाक वेगळी. ती हाक ऐकताच मुलीला आपली जागा कळते, आणि कळावी म्हणूनच ती मारलेली असते.

आता तिच्या प्रश्नांकडे येऊ. वडिलांचे खरे सांगितले हे चुकले का? याचे उत्तर द्यायला मला क्षणाचाही विचार करावा लागला नाही. कल्याणात बसवण्णांच्या अगदी निकट वावरणाऱ्या शरणांमध्ये हडपद अप्पण्णा होते. त्यांच्या पत्नी लिंगम्मा. दोघांचीही वचने आजही वाचली जातात. नाभिक समाज आज त्यांनाच आपले मूळपुरुष मानतो. मादार चेन्नय्या, डोहार कक्कय्या, नुलिय चंदय्या, आयदक्की मारय्या, मोळिगे मारय्या ही नावे घेताना आपण आधी कायक उच्चारतो आणि मग नाव. चामड्याचे काम, दोर वळणे, सांडलेले तांदूळ वेचणे, मोळी विकणे ही कामे त्या लोकांनी लपवली नाहीत, नावापुढे लावून ठेवली. तेव्हा ज्या मुलीने "सलून आहे" असे सरळ सांगितले, तिने शरणांच्या रीतीनेच उत्तर दिले. चूक ज्याला हसू आले त्याची. हे मी तिला सांगितले. तिच्या वडिलांनाही सांगितले, कारण तिने ते घरी सांगितले नव्हते आणि ते तिच्या उतरलेल्या चेहऱ्याचे कारण शोधत होते.

वडिलांचा धंदा विचारण्यावर आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही एकदा बोट ठेवले आहे. हे प्रकरण वाचकांना ठाऊक असावे म्हणून थोडे सविस्तर देतो. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात १९७९-८० च्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० गुण आणि मुलाखतीला ५० गुण होते. प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांची तक्रार अशी होती, की मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली आणि विचारले ते मुख्यतः आई-वडील कोण व राहणार कुठले एवढेच. नोव्हेंबर १९८० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. तो न्या. पी. एन. भगवती यांनी लिहिला आहे. एकूण गुणांच्या एक-तृतीयांश गुण मुलाखतीला ठेवणे मनमानी आहे, १५ टक्क्यांपेक्षा अधिक ठेवू नयेत, आणि असल्या असंबद्ध प्रश्नांवर मुलाखत उरकली तर ती निवड दूषित ठरते, असे न्यायालयाने म्हटले. शक्य असल्यास मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात अशीही सूचना केली. त्या वर्षीचे प्रवेश मात्र रद्द केले नाहीत, कारण तोवर बराच काळ लोटला होता. हा निकाल महाविद्यालयीन प्रवेशाचा आहे. नोकरीच्या बाबतीत, प्रौढ उमेदवारांच्या निवडीत, मुलाखतीला याहून अधिक वजन असू शकते असे त्याच न्यायालयाने १९८१ मध्ये सांगितले. तरी मूळ मुद्दा राहतोच. जन्म आणि गाव विचारून माणसाची पात्रता कळत नाही. आपल्या राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदात सरकारी नोकरीबाबत धर्म, वंश, जात, लिंग, कुळ, जन्मस्थान आणि निवास यांच्या आधारे भेदभाव करू नये असे म्हटले आहे. यातील 'कुळ' हा शब्द वाचताना मला दर वेळी ते वचन आठवते.

केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून आपल्याकडील गट 'क'च्या आणि अराजपत्रित गट 'ब'च्या पदांसाठी मुलाखतच बंद केली. खासगी संस्था आणि दुकाने यांना हे लागू नाही. आपली बहुतेक मुले-मुली तिथेच जातात.

दुसरा प्रश्न अवघड. बोलायला हवे होते का?

येथे आधी एक भेद करायला हवा. कठोर प्रश्न म्हणजे अपमान नव्हे. शून्यसंपादने हा संवादग्रंथ बाराव्या शतकानंतर दोन-तीनशे वर्षांनी जुळवला गेला. त्यात अक्कमहादेवी कल्याणला येतात तो प्रसंग आहे. अल्लमप्रभू त्यांना अनुभव मंटपात सहजासहजी प्रवेश देत नाहीत. तुझा पती कोण, वस्त्रे टाकलीस तर केसांनी देह का झाकतेस, असे प्रश्न भर सभेत विचारतात. आजच्या कानाला ते प्रश्न बोचतात. पण नीट पाहिले तर त्यांतील प्रत्येक प्रश्न अक्कांनी स्वतः जे सांगितले होते त्याविषयी आहे. चेन्नमल्लिकार्जुन हाच पती असे त्या म्हणत होत्या, म्हणून पतीविषयी विचारले. देहभाव गेला असे म्हणत होत्या, म्हणून देहाविषयी विचारले. त्यांचे कुळ, त्यांचे गाव, त्यांच्या वडिलांची मिळकत यांविषयी प्रभूंनी काही विचारले नाही. आणि उत्तरे मिळाल्यावर प्रभूंनी त्यांची थोरवी त्याच सभेत मान्य केली. म्हणून मुलाखतीत कोणी "हा ताळेबंद तुम्ही केला म्हणता, मग ही रक्कम या बाजूला का?" असे कडक आवाजात विचारले, तर तो अपमान समजू नये. आपण त्या कामाचा दावा केला आहे. आमच्या मुलांना हल्ली तेही सहन होत नाही, हेही सांगून टाकतो.

सोलापूरकडील वाचक येथे मला अडवतील हे मी जाणतो. ते म्हणतील, अल्लमप्रभूंनी सोन्नलगीत येऊन सिद्धरामांना काय म्हणून हाक मारली होती? तलाव खोदणाऱ्या त्या महापुरुषाला त्यांनी दगडफोड्या 'वड्ड' म्हटले, आणि ते ऐकून कामावरच्या लोकांनी प्रभूंवर दगड फेकले. मग तो अपमान नव्हे काय?

होता. तो झोंबावा म्हणूनच केला होता. परंतु याच कथेचा आधार घेऊन काही वरिष्ठ मंडळी म्हणतात, "आम्ही उमेदवाराला मुद्दाम टोचून पाहतो, त्याची सहनशक्ती तपासतो." त्यांना माझे एकच विचारणे आहे. प्रभू सिद्धरामांना टोचून निघून गेले काय? ते तिथेच राहिले, त्यांच्याशी बोलत राहिले, त्यांना बरोबर घेऊन कल्याणला गेले, आणि चेन्नबसवण्णांकडून त्यांना दीक्षा मिळेपर्यंत त्यांची साथ सोडली नाही. ज्याने एका कठोर शब्दामागे एवढी सोबत द्यायची तयारी ठेवली आहे त्याने तो उच्चारावा. चार मिनिटांत "कळवू" म्हणून दार दाखवणाऱ्याने प्रभूंचे नाव घेऊ नये.

तेव्हा कामाविषयीच्या प्रश्नाला, कितीही कठोर असो, उत्तर द्यावे. कुळाविषयीच्या टोमण्याला उत्तर देण्याचे बंधन नाही. अशा वेळी एक श्वास थांबून, आवाज न चढवता, "या गोष्टीचा कामाशी संबंध कळला तर सांगता येईल" एवढे म्हणता येते. किंवा "माझा हिशेबाचा अनुभव सांगू का?" असे म्हणून बोलणे कामाकडे वळवता येते. पुष्कळदा विचारणारा तेवढ्याने भानावर येतो. नाही आला, तर "आपला वेळ घेतला, येते मी" म्हणून उठावे. उठताना फाइल दोन्ही हातांनी उचलावी. त्यांनी 'अगं' म्हटले म्हणून आपण त्यांना 'अरे' म्हणू नये. भीतीपोटी नव्हे, आपली जीभ आपली आहे म्हणून.

परंतु ही झाली पोटात चार घास असलेल्या माणसाची गोष्ट. ज्याच्या घरी औषधाचे पैसे थकले आहेत, बहिणीचे लग्न ठरले आहे, त्याने टोमणा गिळला आणि मिळालेली नोकरी पत्करली, तर त्याला कोणी स्वाभिमानशून्य म्हणू नये. मी तरी म्हणणार नाही. आणि ही मुलगी गप्प राहिली यातही काही उणे नाही. अचानक गालात मारल्यावर माणसाला शब्द सुचत नाहीत. घरी येऊन रात्री दोन वाजता सुचतात.

त्या रात्री दोन वाजता सुचलेले मात्र लिहून ठेवावे. तारीख, वेळ, खोलीत किती जण होते, कोणी कोणते शब्द वापरले, बाहेर आणखी कोण उमेदवार होते, हे त्याच दिवशी कागदावर उतरवावे. आठवड्यानंतर राग शिल्लक राहतो, शब्द पुसट होतात. मग संस्थेच्या अध्यक्षांच्या नावे एक पानाचे पत्र लिहावे, विशेषणे न घालता. सरकारी भरती असेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार आपल्याला मिळालेल्या गुणांची माहिती मागता येते. मुलींना कोणी शरीराविषयी किंवा लैंगिक हेतूने काही बोलले, तर २०१३ च्या कायद्याखाली तक्रार करता येते. आपण अजून तिथे नोकरीला लागलो नाही, ही अडचण त्यात येत नाही. नोकरीत असो वा नसो, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते.

अशा पत्रांनी काय होते, असे पुष्कळ जण विचारतात. लगेच काही होत नाही, हे खरे. कोडगूच्या सी. बी. मुथम्मा या १९४९ मध्ये भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. मुलाखत मंडळाने, ही सेवा स्त्रियांना योग्य नाही, असे सांगून त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला होता. लग्न केल्यास राजीनामा देईन असे त्यांच्याकडून लिहून घेतले गेले. त्यांनी नोकरी पत्करली आणि पुढे १९७० मध्ये हंगेरीत राजदूत झाल्या. बढतीत पुन्हा डावलले तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. तोवर बढती मिळाली असल्याने अर्ज निकाली काढला गेला, पण स्त्रियांना लग्नासाठी परवानगी घ्यायला लावणाऱ्या नियमावर न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. तो नियम रद्द करण्यात येत असल्याचे सरकारने न्यायालयाला सांगितले होते. मुलाखतीची खोली ते न्यायालय, तीस वर्षे लागली.

आता माझे स्वतःचे सांगतो. हे सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा करणे मला बरोबर वाटत नाही.

मी मुख्याध्यापक असताना गणिताच्या शिक्षकाच्या जागेसाठी एक तरुण आला होता. घरी कन्नड बोलणारा, शिक्षण मराठीतून. त्याच्या 'ळ'ला आणि 'च'ला कन्नडचा हेल होता. मी त्याला थांबवून एक शब्द पुन्हा म्हणायला लावला. त्याने म्हटला. मी पुन्हा दुरुस्त केला. तिसऱ्यांदा समितीतले सगळे हसले, आणि मीही हसलो. त्यानंतर तो विचारले तेवढेच बोलला. त्याला घेतले नाही. शेऱ्यात मी 'आत्मविश्वास कमी' असे लिहिले.

त्या मुलीची हकिकत ऐकल्यावर मी त्या दिवसातले एकेक आठवू लागलो. मी त्याला गणिताचा एकही प्रश्न विचारला नव्हता. माझ्याही कपाळावर विभूती होती. माझ्या आजीला मराठी धड येत नव्हते आणि तिने मला वचने कन्नडमधूनच शिकवली, हे तर मी त्या खोलीत साफ विसरलो होतो. तो तरुण आता कुठे आहे ते मला ठाऊक नाही. त्याच्या वाचनात हा अंक आला, तर मी त्याची क्षमा मागतो.

आपल्यापैकी पुष्कळ जण शाळांच्या समित्यांवर, पतसंस्थांच्या संचालक मंडळांवर, दुकानांच्या गल्ल्यांवर बसलेले आहेत. माणसे घेण्याचे काम त्यांच्याकडे येते. तेही कायकच आहे.

मुलीने संस्थेला पत्र लिहिले. दोनदा फाडले, तिसरे टाकले. उत्तर अद्याप नाही. पुढच्या आठवड्यात तिला दुसऱ्या एका ठिकाणी बोलावले आहे. वडील म्हणाले, त्या दिवशी सलून बंद ठेवून सोबत जातो. ती नको म्हणाली. मग दोघांचे ठरले, की ते बसस्थानकावर थांबतील.

श्रीमठाच्या शाळेत येत्या जूनपूर्वी दोन जागा भरावयाच्या आहेत. स्वामीजींच्या संमतीने आम्ही मुलाखतीचे प्रश्न आधीच कागदावर लिहून काढले. वडिलांविषयीचा रकाना अर्जातून काढला. प्रत्येकाला वेगवेगळी वेळ दिली, म्हणजे सगळ्यांना सकाळपासून ताटकळावे लागणार नाही. बाहेरच्या व्हरांड्यात सावली आहे आणि पाण्याचा माठ ठेवला आहे. बसायला चार बाकडी कमी पडतात. कोणाकडे वापरात नसलेली असतील तर श्रीमठाच्या कार्यालयात कळवावे, आणून घेण्याची व्यवस्था केली जाईल.